झाडू, खत आणि पाणी: इंदूरमधले चार दिवस

पहिला दिवस

इंदूर स्थानकावर गाडी सकाळी पोहोचली तेव्हा माझ्या पिशवीत ताईसाठी नेलेल्या भाजणीच्या डब्याशेजारी एक लहानशी काचेची नळी, रंगांची पट्टी आणि ओ.टी. म्हणजे ऑर्थोटोलिडीन द्रावणाची नवी कुपी होती. एका नगरपालिकेच्या आरोग्य विभागात मी एकतीस वर्षे काम केले. नळाच्या पाण्यात क्लोरीन आहे की नाही हे त्या नळीत पाहण्याची सवय निवृत्तीनंतरही सुटलेली नाही. परगावी गेले की पहिल्या दिवशी त्या घरचे पाणी तपासायचे, हे आता आमच्या नातेवाइकांनाही ठाऊक झाले आहे.

ताई म्हणजे माझी आतेबहीण. ती लग्न होऊन इंदूरला आली त्याला आता पंचेचाळीस वर्षे झाली आणि रामबागेतल्या त्याच घरात ती अजून राहते. तिच्याकडे येण्याचे मी गेली सात-आठ वर्षे ठरवत होते. २०१७ पासून देशातल्या स्वच्छ शहरांत इंदूर सातत्याने अव्वल ठरत आले आहे आणि ज्या कामात माझा जन्म गेला ते काम एखादे शहर मन लावून करते म्हणजे नेमके काय करते, हे मला डोळ्यांनी पाहायचे होते. मात्र २०२५ च्या डिसेंबरअखेरीस याच शहरातल्या भागीरथपुरा वस्तीत पिण्याच्या पाण्यात मैला मिसळला, शेकडो माणसे आजारी पडली आणि अनेकांचे प्राण गेले. त्या बातम्या वाचताना मी कितीतरी रात्री नीट झोपले नाही. म्हणून फेब्रुवारीत निघाले ती कौतुक करायचे आणि खंत बाळगायची, या दोन्ही गोष्टी मनात एकत्र घेऊनच.

दिवस गप्पांत गेला. रात्री भावोजी मला सराफ्यात घेऊन गेले. सोन्याचांदीची दुकाने बंद झाली की त्यांच्याच पायऱ्यांपुढे खाण्याचा बाजार भरतो, हे इंदूरकरांना सांगायला नको. गराडू आणि भुट्ट्याचा कीस खाऊन आम्ही मुद्दाम उशिरापर्यंत थांबलो, कारण मला गर्दी पाहायची नव्हती, गर्दी गेल्यानंतरचा सराफा पाहायचा होता. मध्यरात्र उलटल्यावर शेवटच्या गाड्या आवरू लागल्या तसे झाडूवाले आले. दोन बायका गल्लीच्या दोन्ही कडांकडून मध्याकडे झाडत येत होत्या आणि त्यांच्या मागून एकजण टोपलीत केर भरत होता. त्यांच्यातली एक क्षणभर थांबली, पायरीच्या कोपऱ्यात अडकलेला द्रोण तिने झाडूच्या टोकाने नाही, हाताने काढला आणि पुढे गेली. ज्या बाजारात दोन तासांपूर्वी पाय ठेवायला जागा नव्हती, तिथे उजाडल्यावर उंदराला, माशीला, कुत्र्याला वेचण्यासारखे काही उरणार नव्हते.

दुसरा दिवस

सकाळी गल्लीच्या टोकाला कचरागाडीचे गाणे वाजू लागले आणि ताईने हातातला चहा तसाच ठेवला. पाहुणी घरात असतानाही तिने तीन बादल्या दारात नेऊन ठेवल्या, त्या अर्थी ही वेळ चुकवायची नसते. गाडीला वेगवेगळे कप्पे होते. ओला कचरा एका बाजूला, सुका दुसऱ्या बाजूला, प्लास्टिक निराळे. जुने सेल, तुटकी विजेची उपकरणे आणि मुदत संपलेली औषधे वेगळी ठेवायची. सॅनिटरी पॅड कागदात गुंडाळून त्यांच्या स्वतंत्र डब्यात टाकायचे. शेजारच्या घरातून आलेल्या ओल्या कचऱ्याच्या बादलीत गाडीबरोबरच्या बाईने डोकावून पाहिले, भाजीच्या देठांखालची दुधाची रिकामी पिशवी दोन बोटांनी वर काढली आणि ती न रागावता त्या घरच्या मुलाच्या हातात परत दिली. मुलगा ओशाळला आणि पिशवी धुवायला आत गेला.

एवढ्याशा त्या कृतीत सगळी यंत्रणा आहे, असे मला वाटते. आमच्याकडे आम्ही लाखो रुपयांची पत्रके छापली, भिंती रंगवल्या, पथनाट्ये केली. पण बादलीत डोकावून पाहणारे आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा न चुकता येणारे माणूस आम्ही दारात उभे केले नाही. गाडी एक दिवस चुकली की लोक कचरा कोपऱ्यावर टाकतात आणि एकदा कोपरा झाला की तो मोडायला वर्षे लागतात. कोपऱ्यावरचा तो कचरा पहिल्या पावसात गटारात जातो, गटार तुंबते, डास होतात आणि मग आम्ही धूरफवारणीची निविदा काढतो. ताई सांगत होती की पूर्वी त्यांच्याही वळणावर एक कचरापेटी होती, तिच्याभोवती गाई आणि डुकरे असत आणि ती तिथून नाक दाबून जात असे. पेटी काढली तेव्हा सगळी गल्ली चिडली होती. ‘आता टाकायचं कुठं, हाच सगळ्यांचा सवाल होता गं,’ असे ती तिच्या इंदुरी मराठीत म्हणाली.

दुपारी राजवाडा. अठराव्या शतकातला हा सात मजली वाडा तीन वेळा आगीत सापडला. १८०१, १९०८ आणि १९८४ या त्या तारखा मला शाळेतल्या पाढ्यांसारख्या पाठ आहेत. पण मी आले होते ती वेगळ्या गोष्टीसाठी. ही गोष्ट १९१७ च्या दिवाळीत याच शहराच्या रस्त्यांवर घडली आणि आरोग्य खात्यात पाऊल ठेवणाऱ्या प्रत्येकाला ती पहिल्याच दिवशी सांगायला हवी.

१८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात सुरू झालेला प्लेग पुढची वीस वर्षे देशभर फिरत होता आणि इंदूरही त्याने सोडले नव्हते. त्या काळात होळकर दरबाराने पॅट्रिक गेडीस या स्कॉटिश नगररचनाकाराला शहराचा आराखडा करण्यासाठी बोलावले. हा माणूस गल्लीबोळांतून नकाशा घेऊन हिंडू लागला तेव्हा लोक त्याच्याकडे बोट दाखवून, हाच तो प्लेग आणणारा म्हातारा साहेब, असे कुजबुजत, असे सांगतात. लोकांचीही चूक नव्हती. तोवरच्या प्लेगच्या कारभाराने घरे रिकामी करणे, छपरे उचकटणे आणि बायामाणसांना जबरदस्तीने छावणीत नेणे, एवढेच त्यांना दाखवले होते. पुण्याच्या माणसाला तर ते वेगळे सांगायला नको.

गेडीस यांनी दरबाराकडे एका दिवसापुरते महाराजांचे अधिकार मागितले. दिवाळीत मिरवणूक निघेल, असे जाहीर झाले. तिचा मार्ग मात्र नेहमीचा राहणार नव्हता. ज्या रस्त्यावरची घरे सर्वांत अधिक झाडलेली, दुरुस्त केलेली आणि रंगवलेली असतील त्या रस्त्याने ती जाणार होती. मग काय, मोहल्ल्यांची आपसांत चुरस लागली. माणसांनी घरातली वर्षानुवर्षांची अडगळ बाहेर काढली, बिळे बुजवली, भिंती सारवल्या आणि गाड्यांमागून गाड्या भरून केर शहराबाहेर गेला. प्लेगचा उंदीर धान्याच्या कणग्यांमागे आणि मातीच्या भिंतींतल्या बिळांत राहतो, उंदराच्या अंगावरची पिसू माणसाला चावते, आणि बीळ बुजले, केर गेला की उंदराला निवाराच उरत नाही. फर्मान काढून जे कधी झाले नसते ते मिरवणुकीच्या मानासाठी झाले.

मिरवणुकीत हत्ती-घोडे होतेच. त्यांच्यामागून मात्र रोगट, पडक्या घरांचे देखावे आले, मलिनतेचा एक भलामोठा राक्षस आला आणि प्लेगचा प्रचंड उंदीर आला. त्यांच्यामागून शहराचे झाडूवाले आले; पांढऱ्या स्वच्छ कपड्यांत, नव्या पागोट्यांत, त्यांचे झाडू फुलांनी सजवलेले आणि गाड्या नव्या रंगाने रंगवलेल्या. ज्यांची सावली टाळली जात असे ती माणसे त्या दिवशी मिरवणुकीच्या मानाच्या जागी चालत होती. शेवटी राक्षस आणि उंदीर जाळण्यात आले. दसऱ्याला रावण जाळणाऱ्या लोकांना त्याचा अर्थ समजावून सांगावा लागला नसणार.

राजवाड्यासमोरच्या चौकात बाकावर बसून मी ही सगळी मिरवणूक मनात उभी करून पाहिली. १९१७ मध्ये प्लेगवर उतारा म्हणून द्यावे असे खात्रीचे औषध जगात कुणाकडेच नव्हते. हाफकिन यांची लस १८९७ पासून होती, पण तिचा बचाव अपुरा होता आणि तिची भीती फार होती. प्लेगवर खात्रीने चालणारे स्ट्रेप्टोमायसिन १९४० च्या दशकात आले, आणि तोवर हिंदुस्थानातला प्लेग कितीतरी ओसरलेला होता. त्याचे सगळे श्रेय झाडूला देणे बरोबर होणार नाही, रोगाची स्वतःची चढउतारही असते. तरी जे काही माणसाच्या हाती होते ते घर, बीळ, कणगी आणि केर एवढेच होते, आणि झाडूवाल्याला मान दिल्याशिवाय ते साधत नाही, ही गोष्ट या शहराने शंभर वर्षांपूर्वी एकदा रस्त्यावर करून दाखवलेली आहे.

गेडीस यांचा अहवाल १९१८ मध्ये दोन खंडांत छापला गेला. सरळ रुंद रस्त्यासाठी जुनी वस्ती पाडून टाकण्याला त्यांचा विरोध होता. मोहल्ला मोहल्ला पायी हिंडून, जेवढे पडके असेल तेवढेच काढायचे आणि मोकळ्या झालेल्या जागी झाड लावायचे, अशी त्यांची पद्धत होती. शहराचा मैला नदीत सोडण्यापेक्षा तो बागांना खत म्हणून मिळावा, असाही त्यांचा आग्रह होता. परत येताना कृष्णपुऱ्याच्या छत्र्यांपाशी कान्ह नदीच्या काठावर थोडा वेळ थांबलो. शहरात नदीला मिळणारी सांडपाण्याची तोंडे बंद करून ते पाणी शुद्धीकरणाकडे वळवले, म्हणून २०२१ मध्ये ‘वॉटर प्लस’ म्हणजे सांडपाणी प्रक्रिया न करता न सोडणारे देशातले पहिले शहर, असा मान इंदूरला मिळाला. भावोजी म्हणाले, ‘पूर्वी आम्ही ह्याला नालाच म्हणायचो.’

तिसरा दिवस

सकाळी कृषी महाविद्यालय. १९२४ मध्ये इथे वनस्पती उद्योग संस्था उभी राहिली आणि अल्बर्ट हॉवर्ड हे इंग्रज शेतीशास्त्रज्ञ तिचे संचालक झाले. १९३१ पर्यंत ते इथे होते आणि त्या सात वर्षांत त्यांनी यशवंत वाड या सहकाऱ्याच्या सोबतीने जी खत करण्याची रीत बसवली ती आज जगभर ‘इंदूर पद्धत’ म्हणून ओळखली जाते. दोघांनी मिळून लिहिलेले पुस्तक १९३१ मध्ये निघाले. हॉवर्डसाहेबांचे नाव सगळे घेतात. वाडांचे नाव मराठी माणसांनाही ठाऊक नसते, याचे मला वाईट वाटते.

पद्धत वाचायला साधी आहे. सुमारे तीस फूट लांब, चौदा फूट रुंद आणि दोन-तीन फूटच खोल असा खड्डा घ्यायचा. त्यात पालापाचोळा, काडीकचरा, गोठ्यातली मुताने भिजलेली माती, शेण आणि राख यांचे थर द्यायचे, ओल राखायची आणि ठरलेल्या दिवसांनी तीन वेळा सगळे परतायचे. खड्डा उथळ का, तर हवा तळापर्यंत जावी म्हणून. हवा मिळाली की ढीग आतून तापतो, इतका की त्यात माशीच्या अळ्या जगत नाहीत आणि तणाचे बी उगवत नाही. तीन महिन्यांत हाती काळे, भुसभुशीत, मातीचा वास येणारे खत येते. शेतकऱ्याला यात खत दिसते. मला मात्र त्यात उकिरडा दिसतो, माशा न होणारा उकिरडा. आणि ज्या घरामागे माशा नाहीत त्या घरातल्या बाळाच्या हगवणीची निम्मी काळजी मिटते. १९३५ मध्ये हिंदी साहित्य संमेलनासाठी इंदुरात आलेले गांधीजी ही खताची रीत पाहायला मुद्दाम या संस्थेत आले होते. ते का आले असतील, हे मैल्याच्या प्रश्नावर आयुष्यभर त्यांनी किती लिहिले हे ज्याने वाचले आहे त्याला कळेल.

दुपारी देवगुराडिया. टेकडीवर जुने शिवमंदिर आहे आणि पायथ्याशी शहराचे कचरा टाकण्याचे मैदान होते. तिथे साठलेला सुमारे १३ लाख टन जुना कचरा खणून, चाळून, वेगळा करून हलवण्यात आला. आता जिथे डोंगर होते तिथे झाडे लावलेली आहेत. २०२२ च्या फेब्रुवारीत तिथे ओल्या कचऱ्यापासून गॅस तयार करणारा प्रकल्प सुरू झाला. रोज ५५० टन ओला कचरा घेण्याची त्याची क्षमता आहे. मोठ्या बंद टाक्यांत कचरा हवेविना कुजतो, त्यातून निघालेला गॅस शुद्ध करून बसगाड्यांना देतात आणि जे उरते त्याचे खत होते. आमच्या गटाला सगळे नीट दाखवले. मी मात्र सारखी एकाच गोष्टीचा विचार करत होते. या टाकीत दुधाची पिशवी गेली तर पंप अडतो. म्हणजे पन्नास लाखांचे असो की पन्नास कोटींचे, ते यंत्र काल सकाळी बादलीत डोकावणाऱ्या त्या बाईच्या दोन बोटांवर चालते.

रात्री ताईने विचारले, ‘उद्या तिकडे जाणारच आहेस का?’ मी हो म्हटले. त्यावर ती काही बोलली नाही, पण तिने सकाळसाठी माझी बाटली उकळून गार केलेल्या पाण्याने भरून ठेवली.

चौथा दिवस

इंदूरला पाणी येते ते नर्मदेचे. १९७० मध्ये नर्मदा आणा म्हणून इंदूरकर रस्त्यावर उतरले होते आणि १९७८ मध्ये पहिल्या टप्प्याचे पाणी शहरात आले. मंडलेश्वरजवळच्या जलूद गावातून सुमारे सत्तर किलोमीटर अंतर आणि चारशे मीटरपेक्षा अधिक चढ पार करून, पंपांनी विंध्याचा घाट चढवून ते आणतात. एवढ्या सायासाने आलेले पाणी शहराच्या मोठ्या भागात दिवसाआड आणि थोडा वेळच सुटते. माझ्या आयुष्यभराच्या कामाचा सगळा गाभा या एका वाक्यात आहे, म्हणून थोडे सविस्तर सांगते.

नळाला पाणी चालू असते तेव्हा वाहिनीत दाब असतो आणि फट असेल तर पाणी बाहेर गळते. नुकसान होते, पण माणूस आजारी पडत नाही. पाणी बंद झाले की वाहिनी रिकामी होऊ लागते, उतारावरचे पाणी खाली ओढले जाते, आत पोकळी होते आणि त्याच फटीतून बाहेरचे आत शोषले जाते. बाहेर कोरडी माती असेल तर माती येते. बाहेर गटार असेल, शौचालयाचा खड्डा असेल, तर तेच येते, आणि पुढच्या वेळी पाणी सुटले की पहिल्या धारेबरोबर सगळ्यांच्या हंड्यांत जाते. भागीरथपुऱ्यात मुख्य जलवाहिनीला गळती होती आणि तिच्या वरच शौचालय होते, असे वर्तमानपत्रांत आले होते. लंडनमध्ये १८५४ मध्ये डॉक्टर जॉन स्नो यांनी कॉलऱ्याचे मृत्यू कुठल्या घरांत झाले ते ताडून ब्रॉड स्ट्रीटवरच्या पंपाकडे बोट दाखवले, तेव्हा कॉलऱ्याचा जंतू कोणता हेदेखील जगाने मान्य केलेले नव्हते. तरी पंपाचा दांडा काढता आला. आपल्याला जंतू ठाऊक आहे, नकाशा आहे, क्लोरीन आहे, आणि तरीही माणसे पाणी पिऊन मरतात.

मी हे दुसऱ्यांवर बोट ठेवण्यासाठी लिहीत नाही. आमच्या गावातही एका पावसाळ्यात गॅस्ट्रोची साथ आली होती. जिथे जलवाहिनी गटारातून जात होती त्या जागेचा अर्ज मी सहा महिने आधी दिला होता, तो टेबलावरच राहिला. मीही तो देऊन माझे काम झाले असे मानले, पुन्हा जाऊन विचारले नाही. त्या साथीत एक चार वर्षांची मुलगी गेली. तिच्या घरचा नळ गटाराच्या पलीकडे तिसरा होता.

भागीरथपुऱ्याच्या गल्ल्या अरुंद आहेत आणि झाडलेल्या आहेत. कुठे केर नव्हता, कोपरे स्वच्छ होते, कचरागाडी नुकतीच येऊन गेली होती. रस्ता मधून खणून पुन्हा बुजवलेला दिसत होता. जे वर दिसत होते ते सगळे चांगले होते, आणि माणसे गेली ती जमिनीखाली हातभर खोल असलेल्या गोष्टीमुळे. माझ्याबरोबर भावोजींचे एक परिचित होते. त्यांच्या ओळखीच्या एका मराठी घरी आम्ही गेलो. आजी, सून आणि दहावीतली नात घरात होत्या. साथीत आजी आठवडाभर दवाखान्यात होत्या. त्या आता नळाच्या पाण्याने भांडी घासतात, पण ते पीत नाहीत. पिण्यासाठी विकतचा जार येतो. जारचे पैसे सुनेने मी न विचारताच सांगितले, कारण तेच त्यांच्या मनात होते.

पाणी नुकतेच सुटले होते. मी विचारून नळी धुतली, पाणी भरले, ओ.टी. चे थेंब टाकले आणि नळी खिडकीसमोर धरली. पाणी फिकट पिवळे झाले. नात पट्टीवरच्या रंगांशी ताडून पाहू लागली. मी तिला सांगितले की हा पिवळा रंग म्हणजे क्लोरीन शिल्लक आहे, वाटेत घाण मिसळली असती तर तिला मारण्यात तो संपून गेला असता. रंग आला नाही तर त्या दिवशी पाणी उकळायचे आणि लगेच कळवायचे. रंग आला म्हणजे सगळे जंतू गेलेच असे मात्र नसते, त्यासाठी प्रयोगशाळेची तपासणी लागते आणि ती मागण्याचा तुम्हाला अधिकार आहे. आजींनी विचारले, ‘म्हणजे पिऊ का?’ मी म्हटले, ‘आजी, अजून महिनाभर उकळूनच प्या.’ त्यांनी मान हलवली. त्यांना ते पटले की माझा मान राखला, कोण जाणे.

गाडी संध्याकाळची होती. निघताना नळी, पट्टी आणि कुपी मी त्या मुलीकडे दिली. थेंब हाताला लागू द्यायचे नाहीत, तपासलेले पाणी ओतून टाकायचे, पिण्याच्या भांड्यात परतायचे नाही, एवढे तिच्याकडून दोनदा म्हणवून घेतले. स्वयंपाकघराच्या दाराला कालनिर्णय टांगलेले होते. तिने पेन आणले, त्या दिवसाच्या चौकोनात, दूधवाल्याच्या हिशेबाखाली उरलेल्या जागेत, ‘फिकट पिवळा’ असे लिहिले आणि पुढे वेळ घातली, सकाळचे सव्वासात.